वाचनालयातले पेपर बंद करायचा ठराव येतोय, तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता?

तापीकाठ (अमळनेर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावात छोटं सार्वजनिक वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या ड वर्गातलं. एक खोली, तीन कपाटं, बाहेर ओटा, आणि सकाळी साडेसातला एसटीतून गठ्ठा उतरला की ओट्यावर पेपर. मी कमिटीत आहे. येत्या रविवारी मिटिंग आहे आणि विषय आलाय की पाच पेपर येतात ते बंद करा. अनुदान वेळेवर मिळत नाही, एजंटची दोन महिन्यांची उधारी आहे, महिन्याला सात-साडेसातशे रुपये जातात आणि पोरं म्हणतात की सगळं मोबाईलवर दिसतं मग कागदाला पैसे कशाला.

मी विरोध करायचा म्हणून तयारी करायला बसलो. दोन दिवस संध्याकाळी मागच्या महिन्याची सगळी रद्दी काढली आणि वहीत लिहित गेलो की आमच्या तालुक्याचं काय काय आलंय. वाढदिवस, नियुक्ती, सत्कार, अभिवादन, अपघात, चोरी, पुन्हा वाढदिवस. आमच्या गावात जलजीवन योजनेची पाण्याची टाकी बांधून झालीय, तिला निळा-पांढरा रंग पण दिलाय, पाइपलाइनसाठी गल्ल्या खोदून ठेवल्यात आणि नळाला थेंब नाही. बाया अजून पाटीलवाड्याच्या विहिरीवरच जातात. त्या टाकीबद्दल महिनाभरात पाच पेपरांत मिळून एक ओळ नाही. भूमिपूजन झालं तेव्हाचा फोटो मात्र मला चांगला आठवतो, चार कॉलम होता.

ओट्यावर रोज बसणारे आमचे एक आप्पा आहेत, ऐंशीच्या पुढचे, मी वही भरत होतो तर म्हणाले, "पेपरमा आपला गावनं काय ऱ्हास?" म्हणजे पेपरात आपल्या गावाचं काय असतं? मला उत्तर देता आलं नाही.

हे अमळनेर आहे हो. साने गुरुजींनी १९३८ ला इथूनच 'काँग्रेस' साप्ताहिक काढलं होतं आणि शेतसाऱ्याच्या माफीसाठी गावोगाव पायी फिरले होते. त्याच तालुक्यात आज टाकीत पाणी नाही एवढं छापायला कोणी नाही. म्हणून खरंच विचारतोय, पेपर चालू ठेवा म्हणून भांडू का, आणि भांडायचं तर कशाच्या जोरावर?

निर्भीड जळगावकर

बंद करा. मी चार वर्षांपूर्वी घरचा बंद केला, काही अडलं नाही. २००९ च्या विधानसभेला काय झालं होतं ते आठवा, पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं की एकाच नेत्याचं कौतुक, शब्दन् शब्द तोच, वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळ्या पत्रकारांच्या नावाने छापून आलं होतं. जाहिरात म्हणून नाही, बातमी म्हणून. नंतर पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली, त्यांनी पेपरांची नावं घेऊन अहवाल लिहिला आणि कौन्सिलने काय केलं, तो सगळा न काढता छोटा करून काढला. पूर्ण अहवाल लोकांपुढे यायला माहिती आयोगाचा आदेश लागला. ज्यांना स्वतःवरचा अहवाल छापवत नाही त्यांना वाचनालयाचे पैसे का द्यायचे? त्या पैशात पोरांना स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या.

माजी वार्ताहर

वरच्या भाऊंचा राग मला कळतो पण मी आतून सांगतो. मी अकरा वर्षं तालुका वार्ताहर होतो, पेपरचं नाव सांगत नाही कारण सगळीकडे तेच आहे. लोकांना वाटतं वार्ताहराला पगार असतो. मला नियुक्तीपत्र होतं, ओळखपत्र होतं, पगार नव्हता. बातमीमागे काहीतरी किरकोळ मिळायचं, तेही सुरुवातीची काही वर्षं. खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची, दहा-पंधरा टक्के. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस, संस्थेच्या चेअरमनचा वाढदिवस, प्रत्येकाला पुरवणी आणि प्रत्येक पुरवणीला टार्गेट. जाहिरात छापली आणि समोरच्याने पैसे दिले नाहीत तर ते माझ्या नावावर उधार पडायचे. माझ्याकडे एकच डायरी असायची, पुढून बातम्या लिहायचो आणि मागून वसुली. पहिल्या वर्षी मागची पाच-सहा पानं भरली होती. शेवटच्या वर्षी मागून येणारी वसुली जूनमध्येच पुढच्या बातम्यांना येऊन भिडली, नवीन डायरी घ्यावी लागली.

आता तापीकाठ भाऊ, तुमच्या टाकीचं सांगतो. टाकीचा ठेकेदार कोण असतो, कोणाचा तरी भाचा नाहीतर कार्यकर्ता. १५ ऑगस्टची जाहिरात कोण देतो, तोच. सरपंच देतो, ग्रामसेवक गोळा करून देतो. मी टाकीची बातमी लिहिली असती तर डेस्कवर कोणी अडवली नसती कदाचित, पण ऑगस्टमध्ये मी कोणाच्या दारात जाणार होतो? कोणी फोन करून धमकी देत नाही दरवेळी, त्याची गरजच पडत नाही. माणूस आपोआप तो विषय सोडून पुढे जातो आणि हे मी स्वतः कितीदा केलंय ते मला माहीत आहे, आठवलं की अजून झोप लागत नाही.

आणि जे धाडस करतात त्यांचं काय. महाराष्ट्राने २०१७ ला पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा केला, देशात पहिला, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. कायदा चांगला आहे. पण तालुक्याच्या वार्ताहराने तक्रार द्यायची म्हणजे त्याच गावात, त्याच लोकांत दुसऱ्या दिवशी जाहिरात मागायला जायचं. ऑफिसवाले पहिलं वाक्य म्हणतात की तो आमचा कर्मचारी नाही. पत्रकारांच्या पगारासाठीचा मजिठिया वेतन आयोग २०११ ला लागू झाला, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला, शहरातले पत्रकार त्यासाठी अजून लेबर कोर्टात भांडताहेत, आम्ही तर त्या रजिस्टरमध्येच नव्हतो.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जाहिरात बसली, पानं कमी झाली, तालुक्याचं पान जिल्ह्याच्या पानात गेलं आणि मी सुटलो. आता खताचं दुकान आहे. बातम्या सुचतात अजून.

केळीवाला, रावेर

माजी वार्ताहर दादांनी लिहिलं ते खरं आहे पण एक चांगलं पण सांगतो म्हंजे निर्भीड भाऊंना पण कळेल.

आमच्याकडे केळीचा भाव रोज पेपरात येतो, जाहीर भाव एक असतो आणि बागेत व्यापारी देतो दुसरा, हे रावेर-यावल-चोपड्यात कोणालाही विचारा. माझी कांदेबाग हंगामाची केळी काढली तेव्हा पेपरात सोळाशे होता आणि हातात पट्टी, म्हंजे व्यापाऱ्याची हिशेबाची चिठ्ठी, आली अकराशेची. क्विंटलला पाचशेचा फरक. व्यापारी म्हणतो माल हलका आहे, घड बारीक आहे, वर गाडी मिळत नाही, तुमचं नको असेल तर राहू द्या. केळी काही घरात ठेवता येत नाही भाऊ. घड पिकला की पिकला.

तीन वर्षांपूर्वी एक तरुण पोरगा वार्ताहर होता आमच्याकडे. मोटरसायकलवर फिरून त्याने दहा-बारा शेतकऱ्यांच्या पट्ट्या गोळा केल्या, त्यांचे फोटो काढले आणि त्या त्या तारखेचा पेपरातला भाव शेजारी ठेवून छापलं. बाकी काही मतं नाही, टीका नाही, फक्त दोन आकडे शेजारी शेजारी. दुसऱ्या दिवशी बाजार समितीने मिटिंग लावली. पंधरा-वीस दिवस भाव बऱ्यापैकी जवळ आला. आमच्या गल्लीत लोकांनी ते कात्रण दुकानात चिकटवून ठेवलेलं, अजून आहे, पिवळं पडलंय. मग त्या पोराला बँकेत नोकरी लागली आणि नंतर कोणी पट्ट्या गोळा केल्या नाहीत, आज पुन्हा तेच चालू ऱ्हायलंय.

मोबाईलवर मला रोज शंभर व्हिडिओ येतात केळीचे. यूट्यूबवाला भाव सांगतो. पण पट्टी मागायला बागेत कोणी आलेलं नाही. विम्याचं पण तसंच, तापमान सलग किती दिवस किती खाली गेलं यावर आमचा विमा ठरतो आणि ते मोजतं महसूल मंडळातलं हवामान केंद्र. ते यंत्र चालू आहे का, झाडाच्या सावलीत आहे का, हे जाऊन बघायला एक माणूस लागतो, ज्याला त्याचा पगार मिळतो असा. कोट्यवधी रुपयांचा प्रश्न आहे हा आणि बघणारा कोणी नाही.

साक्रीकर

मोबाईलवर सगळं मिळतं म्हणणाऱ्यांना माझ्या तालुक्याचं नाव सांगा.

१ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. रविवार होता, बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. मुलं पळवणारे म्हणून लोकांनी धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारलं. पाचही गेले. त्याच्या आधी कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरत होते, टोळी आलीय, सावध राहा. त्या वर्षी देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या जनजागृतीचा होता, मुलांची काळजी घ्या म्हणून बनवलेला, शेवटचा संदेश कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात फॉरवर्ड पाच जणांपुरतं मर्यादित केलं, पण आमच्याकडे तोवर पाच माणसं मेली होती.

मला एक गोष्ट विसरता येत नाही. त्या दिवसांत आमच्या घरी जो पेपर यायचा त्यात मी स्वतः वाचलं होतं, 'मुले पळवणारी टोळी सक्रिय?' असं. पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह लावलं की पेपरची जबाबदारी संपली, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्नचिन्ह राहत नाही, टोळी राहते. माझ्या आईने त्या दिवशी नातवंडांना अंगणात जाऊ दिलं नाही. पोलीस स्टेशनला एक फोन लावला असता आणि 'तालुक्यात असा एकही गुन्हा नोंद नाही' एवढी ओळ पहिल्या पानावर छापली असती, तिथेच डवरी गोसावी कोण असतात, पिढ्यान् पिढ्या गावोगाव का फिरतात, त्यांच्याकडे कोणती कागदपत्रं असतात हे दोन परिच्छेदात सांगितलं असतं तर. पाच जीव वाचले असते असं मी म्हणत नाही, पण कोणीतरी एकाने त्या खोलीच्या दारात उभं राहून म्हटलं असतं की थांबा, पेपरात वाचलंय.

म्हणून पेपर ठेवा, पण नुसता ठेवू नका. चुकलं तिथे लिहून पाठवा त्यांना.

सातपुड्याची शाळा (धडगाव)

मी शिक्षिका आहे, नऊ वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात आहे. दादा तुमच्या तालुक्याचं निदान वाढदिवसाचं तरी येतं. आमचं वर्षातून एकदा येतं, पावसाळ्यात. बाळंतीण अडली, रस्ता नाही, झोळी करून बांबूवर उचलून नेली, त्याचा फोटो. पेपरवाल्यांनी त्याला नाव पण ठेवलंय, 'बांबूलन्स'. मला तो शब्द फार लागतो. ज्या बाईला त्या झोळीतून नेतात तिला कळा चालू असतात, नदीला पाणी असतं, चार माणसांचे खांदे सोललेले असतात आणि आपण त्याला गंमतीशीर शब्द बनवून हेडिंग करतो.

फोटो आला की दोन दिवस फोन येतात, साहेब येतात, रस्ता मंजूर म्हणून दुसरी बातमी येते. मग जानेवारीत, जेव्हा पाऊस नसतो आणि रस्त्याचं काम व्हायला पाहिजे, तेव्हा कोणी येत नाही. त्या वेळी अर्धी गावं ऊसतोडीला गुजरातला गेलेली असतात, माझ्या वर्गात पटावर अडतीस आणि समोर सोळा. ही बातमी नाही का? कुपोषणाचं पण तसंच, बालमृत्यूचा आकडा आला की नंदुरबार, आकडा जुना झाला की नंदुरबार संपलं. २०२१ ला ऑक्सिजन प्लांट आधीच उभे केलेले म्हणून देशभर आमच्या जिल्ह्याचं नाव झालं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आमच्याकडे माणसं काम पण करतात हे कोणाला तरी दिसलं.

अजून एक. बातमी देणारा पावरी किंवा भिली या आमच्याकडच्या आदिवासी बोली बोलणारा नसतो. तो येतो, सरपंचाला मराठीत विचारतो, सरपंच सांगतो ते लिहितो. बाईला कोणी विचारत नाही. बुंदेलखंडात 'खबर लहरिया' आहे, २००२ पासून गावातल्या बायाच बातम्या आणतात, दलित बाया, त्यांच्याच बोलीत. साईनाथांनीच सुरू केलेली 'पारी' म्हणून वेबसाइट आहे, तिच्यावर गावाकडचं मराठीतही वाचायला मिळतं, मी वर्गात मोठ्या मुलांना वाचून दाखवते. आमच्या मुली दहावी होऊन घरी बसतात, त्यांच्यातल्या दोघी-तिघी जरी शिकल्या तर सातपुड्याचं काय काय बाहेर येईल. मी हे कोणाला सांगू तेच कळत नाही.

काळा कोट, जळगाव

ताई फार महत्त्वाचं लिहिलंत.

साक्रीकर म्हणाले चुकलं तिथे लिहा, त्यावर थोडं. पण आधी एक निकाल सांगतो जो आपल्याच खंडपीठाचा आहे, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलिगींमुळे कोरोना पसरला म्हणून वाहिन्यांनी दिवसरात्र जे चालवलं ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या गल्लीत वीस वर्षं भाजीची गाडी आणणारे चाचा होते, त्या महिन्यात त्यांना लोकांनी कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. ते भांडले नाहीत, गाडी वळवली आणि गेले. मेथी तशीच होती गाडीवर. २१ ऑगस्ट २०२० ला खंडपीठाने तबलिगीसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि निकालात स्पष्ट म्हटलं की छापील आणि टीव्ही माध्यमांनी या लोकांविरुद्ध मोठा प्रचार केला, संकट आलं की सरकार बळीचा बकरा शोधतं आणि यांना बकरा केलं गेलं असावं. त्या रात्री मी टीव्ही लावून बसलो होतो. त्या महिन्यात वाहिन्यांवर एका अभिनेत्याच्या मृत्यूशिवाय काही नव्हतं. ज्यांनी महिनाभर आरोप दाखवला त्यांनी निकाल तितक्याच आवाजात दाखवायला नको होता का? चाचा परत आलेच नाहीत आमच्याकडे.

तक्रारीचं असं आहे, पेपरबद्दल असेल तर आधी संपादकाला लेखी कळवायचं, दखल घेतली नाही तर प्रेस कौन्सिल. दैनिकाबद्दल दोन महिन्यांच्या आत जायला हवं. कौन्सिल समज देऊ शकते, ताशेरे मारू शकते, दंड करू शकत नाही. टीव्ही तिच्या कक्षेतच नाही. वाहिन्यांनी स्वतःच स्वतःसाठी मंडळ केलंय, त्याचा दंड जास्तीत जास्त एक लाख रुपये होता, त्यावर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच विचारलं की एवढ्याने काय फरक पडणार. दात नसलेली व्यवस्था आहे, मान्य. तरी लिहा, कारण संपादकाच्या टेबलावर एकाच गावातून सहा पत्रं गेली की चर्चा होते, हे मी एका प्रकरणात पाहिलंय.

निर्भीड जळगावकर

साक्रीकर, राईनपाड्याचं वाचून मी थांबलो. माझी मावशी पिंपळनेरला असते, त्या आठवड्यात तो व्हिडिओ मला पण आला होता आणि मी तो पुढे पाठवला होता. डिलीट नंतर केला.

पेपर बंद करा हे मागे घेतो. पण पाच नको. दोन ठेवा, आणि ज्यात तालुक्याचं पान आहे ते ठेवा.

तापीकाठ (अमळनेर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं प्रिंट काढून रविवारी मिटिंगला नेतोय आणि आप्पांना पण वाचून दाखवणार आहे. वर्ग टिकवायला किमान किती दैनिकं लागतात ते पण बघतो, मग तीन की दोन ते ठरवू, उधारी मी आणि अजून दोघं मिळून भागवतो. ताई, तुमच्या मुलींसाठी जुने अंक आणि वह्या पाठवता येतील, पत्ता मेसेज करा.

आणि एक सुचलंय तुमच्या सगळ्यांचं वाचून. ओट्यावर एक फळा आहे, पूर्वी सुविचार लिहायचे. त्यावर रोज गावाची एक बातमी लिहायची, पण अट अशी की लिहिणाऱ्याने स्वतः जाऊन बघितलेलं असलं पाहिजे आणि खाली नाव टाकलं पाहिजे. मोबाईलवर काही फिरत असेल तर ते खरं का खोटं, कोणाला विचारून खात्री केली, ते पण. सुरुवात टाकीपासून करतो.

माजी वार्ताहर दादा, टाकीचं नेमकं काय काय विचारायचं ते सांगाल का, मला त्यातलं कळत नाही.

माजी वार्ताहर

सांगतो. ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज द्या, दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर यायला हवं. कार्यारंभ आदेशाची तारीख मागा, काम पूर्ण करायची मुदत मागा, आतापर्यंत ठेकेदाराला किती बिलं दिली आणि कोणत्या तारखेला, मोजमाप पुस्तिकेची प्रत, आणि पाण्याचा उद्भव, म्हणजे पाणी कुठून घेणार, कोणता धरलाय ते. शेवटचा प्रश्न विसरू नका, बऱ्याच ठिकाणी टाकी होते आणि विहिरीलाच पाणी नसतं. पंचायतीत नाही म्हणाले तर अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे पाठवायला सांगा, ते त्यांनीच पाठवायचं असतं.

सकाळी साडेसहाला विहिरीवर जाऊन उभे राहा आणि किती बाया येतात, किती हंडे नेतात ते मोजा. तीन दिवस मोजा, एक दिवस नको. नावं त्यांना विचारून लिहा.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आत उत्तर आलं तर मला पाठवा. बातमी मी लिहून देतो, कुठे छापायची ते नंतर बघू, आधी फळ्यावर तर जाईल.